उत्तरेकडचं तिकीट

मोशीला नवा टॉवर झाला, त्याच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर काचेची गॅलरी झाली आणि तिथून अख्खं पिंपरी-चिंचवड दिसतं असं पेपरात आलं, तेव्हा चिंचवडच्या सावित्रीबाईंनी एकच प्रश्न विचारला, "यांची कंपनी दिसते का?"

हे म्हणजे हिंदुराव, सावित्रीबाईंचे यजमान. चाकणला नुसतं माळरान होतं तेव्हापासून ते तिथल्या एका कंपनीत मोटारसायकलचे सायलेन्सर बनवत आले. तुळजापूरकडून आलेलं हे जोडपं. नवऱ्याने कंपनी धरली, बायकोने डबा धरला. शिफ्ट पहाटेची असो, दुपारची असो की रात्रीची, डबा कधी चुकला नाही. पण डबा रोज कंपनीत जाऊन यायचा आणि डबा भरणारीने ती कंपनी एकदाही पाहिली नव्हती, हे सावित्रीबाईंना फार लागायचं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. कंपनीत पूर्वी फॅमिली डे व्हायचा. बायकापोरांना बसने नेऊन सगळं दाखवायचे, वर गुलाबजाम द्यायचे. पहिल्या वर्षी सावित्रीबाई बाळंतीण होत्या. पुढच्या वेळी नेमकं दिराचं लग्न निघालं. एकदा तर त्या नवी साडी नेसून बसमध्ये बसल्यासुद्धा, पण बस निघोजेच्या अलीकडे बंद पडली आणि सगळ्यांनी रस्त्याच्या कडेलाच गुलाबजाम खाल्ले. मग कोरोना आला, त्याच्यामागून नवे साहेब आले, आणि त्यांनी फॅमिली डेच बंद करून टाकला. फोटोत बघावी म्हटलं, तर कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत. म्हणून तर हिंदुरावांकडे अजून बटणांचा फोन होता.

आणि आता एकतीस मेला हिंदुराव रिटायर होणार होते. एकतीस मेच का, तर त्यांचा वाढदिवस एक जूनला. सावित्रीबाईंचाही एक जूनलाच. हिंदुरावांच्या थोरल्या भावाचा, सावित्रीबाईंच्या दोन्ही बहिणींचा आणि गावातल्या निम्म्याअधिक म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जून. खरी तारीख कुणाच्याच आईला सांगता यायची नाही. "सुगी चालली होती, आन् तांबडी गाय व्याली त्याच्या आदल्या दिवशी" असलं काहीतरी ती सांगायची. शाळेतले गुरुजी तिच्याकडे एकवार बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे त्याच तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि त्याच तारखेवर घरी आली.

एकतीस मेनंतर कंपनी तिथंच राहील, पण ती यांची नसेल. मग बघून काय उपयोग? रोज हिंदुराव घरी आले की सावित्रीबाई विचारायच्या, "आज काय झालं कंपनीत?" ते म्हणायचे, "काय व्हायचंय?" ते 'काय व्हायचंय' नेमकं कुठं होत नाही, ती जागा त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती. या विचाराने त्यांना आधी रडू यायचं, मग राग यायचा आणि मग त्या घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घ्यायच्या.

घरात मुलगा सुजित आणि सून स्वरूपा. सुजित माणच्या आयटी कंपनीत. त्याच्या कानात सदा हेडफोन, त्यामुळे घरात काय चाललंय ते त्याला दोन दिवस उशिरा कळायचं. स्वरूपा बँकेत, आणि घरातलं काहीही ठरवायचं काम तिच्याकडे. तिने मोबाईलवर टॉवरची तिकिटं उघडली.

"गुरुवारची काढते, आई. बाबांना सुट्टी असते, सगळे मिळून जाऊ."

"गुरुवारी कंपनी बंद असते."

"म्हणून तर बाबांना सुट्टी असते ना!"

"अगं, पण बंद कंपनी बघून काय करू? कुलूप बघायला पंचेचाळीस मजले चढू?"

आता आली का पंचाईत! हिंदुराव बरोबर हवेत तर कंपनी बंद, आणि कंपनी चालू हवी तर हिंदुराव कंपनीत. दोन दिवस घरात याच्यावर चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी सुजितने हेडफोन काढून विचारलं, "कुठला टॉवर?"

शेवटी हिंदुरावांनीच तोड काढली. "तू शुक्रवारी वर जा. चारच्या चहाला मी शेडच्या बाहेर येतो आणि खालून हात करतो."

"एवढ्या लांबून तुमचा हात दिसायचा होय?"

"तुझी लाल इरकल दे. फडकवतो."

सावित्रीबाईंनी लाल इरकल काढली, तिची नीट घडी घातली आणि शुक्रवारी सकाळी डब्याच्या पिशवीत डब्याच्या खाली ठेवली. काठाला तेल लागू देऊ नका म्हणून तीनदा बजावलं. हिंदुराव कंपनीच्या बसकडे निघाले, तेव्हा त्यांची चाल नेहमीपेक्षा तरुण वाटत होती.

दुपारी स्वरूपाने अर्धी रजा टाकली आणि दोघी मोशीला टॉवरच्या तिकीट खिडकीवर जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीत निशिगंधा नावाची मुलगी होती. तिच्या कोटावर तसं लिहिलेलंच होतं.

"आजी, सनसेटचं घ्या. सगळ्यात जास्त तेच जातं."

"सूर्यास्त आमच्या गच्चीवरनं दिसतो. रोजचाच आहे."

"मग काचेवरचं घ्या. पायाखाली काच असते, खालचा रस्ता दिसतो."

"रस्त्यावरनंच आले मी आत्ता."

"सेल्फीचं आहे. पंख लावून फोटो काढतात."

सावित्रीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की निशिगंधाने ते तिकीट स्वतःहूनच मागे घेतलं. मग स्वरूपा पुढे झाली. "मॅडम, आम्हाला चाकणची बाजू बघायचीय. ती कुठल्या तिकिटात येते?"

"चाकण म्हणजे उत्तर," निशिगंधा म्हणाली. "उत्तर कुठल्याच तिकिटात नाही. पश्चिमेला सूर्यास्त आहे, दक्षिणेला पुणं आहे, पूर्वेला आळंदी आहे. उत्तरेला बघण्यासारखं काहीच नाही हो, नुसते पत्रे आहेत."

"मला पत्रेच बघायचेत," सावित्रीबाई म्हणाल्या.

अशी मागणी निशिगंधाने आजवर ऐकली नव्हती. पण पोरगी मनाने चांगली होती. तिने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं, कुणाला तरी फोन केला आणि म्हणाली, "उत्तरेला आमचा पार्टी हॉल आहे. दुर्बीण पण आहे तिथे. पण तिथे फक्त बर्थडे पॅकेजवाल्यांना सोडतात. केक, टोप्या, गाणं, सगळं त्यात आलं. मात्र आठवड्याच्या आत कुणाचा तरी वाढदिवस पाहिजे, आणि तो आधार कार्डावर पाहिजे."

सावित्रीबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि हुकमाचा एक्का टाकावा तसं आधार कार्ड खिडकीत टाकलं.

निशिगंधाने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "एक जून! तुम्हीपण? आजी, सकाळपासून एक जूनवाल्यांच्या तीन बॅचेस झाल्या माझ्या. आमच्या साहेबांना वाटतंय मी खोट्या एन्ट्र्या करतेय!" मग तिला आणखी एक नियम आठवला. "पण कमीत कमी चार माणसं लागतात. तुम्ही दोघीच आहात."

इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "आमी बी दोघंच हाय. सकाळधरनं बसलोय."

बाकावर कुरुळीचे खंडूअण्णा आणि त्यांच्या मालकीण तानुबाई बसल्या होत्या. अण्णांचाही वाढदिवस एक जून, हे सांगायला नकोच. त्यांची सगळी जमीन कंपन्यांमध्ये गेलेली, आणि ती वरून कशी दिसते ते त्यांना बघायचं होतं.

"पण तिकडे नुसते पत्रे आहेत म्हणे," स्वरूपा म्हणाली.

"व्हय. त्या पत्र्याखालीच हाय."

दोन अधिक दोन चार झाले. सावित्रीबाईंना एवढा आनंद झाला की आजवर कधी न पाहिलेल्या तानुबाईंना त्यांनी मिठीच मारली. तानुबाईंनीही काही न विचारता ती मारून घेतली. निशिगंधाने केकवर घालायची नावं लिहून घेतली आणि चौघांना लिफ्टमध्ये घातलं.

लिफ्टमध्ये सगळ्यांचे कान बंद झाले आणि वर गेल्यावर उघडले. पार्टी हॉल रंगीत फुग्यांनी भरला होता. चौघांच्या डोक्यावर निमुळत्या टोप्या चढवण्यात आल्या. अण्णांनी आपली पांढरी टोपी काढायला साफ नकार दिला, म्हणून त्यांना तिच्यावरच दुसरी बसवली. मग केक आला. त्याच्यावर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'हॅपी बर्थडे खंडू आणि सावित्री', आणि भोवती बदाम काढला होता. तानुबाईंनी तो बदाम बराच वेळ न्याहाळला. मग सुरी उचलून नेमका तेवढाच भाग कापला आणि स्वतः खाऊन टाकला.

चार वाजत आले होते. उत्तरेकडच्या काचेपलीकडे खाली इंद्रायणीची नागमोडी रेघ होती, पलीकडे नाशिक रस्ता, आणि त्याच्याही पलीकडे, उन्हाच्या धुरकटात, पत्रेच पत्रे. सगळे निळे, सगळे एका मापाचे. सावित्रीबाई काचेला नाक लावून शोधू लागल्या. यातून आपली कंपनी ओळखायची कशी? एकच खूण त्यांना माहीत होती. हिंदुराव पूर्वी एकदा बोलता बोलता म्हणाले होते की, आमच्या कंपनीवर पाण्याची पिवळी टाकी आहे.

त्या दुर्बिणीकडे धावल्या. पण दुर्बिणीला अण्णांनी आधीच डोळा लावला होता.

"अण्णा, सरका की जरा."

"थांब, बाई. हिरीची जागा घावंना."

"अण्णा, चारला आमचे हे बाहेर येणार आहेत. चहाची सुट्टी एवढीशी असते हो!"

"हितं माझी मटकी हुती," अण्णा दुर्बिणीतच बोलत होते. "आन् हितं बाभळ. बाभळीखाली मी निजायचो."

 सावित्रीबाईंनी अण्णांना आपल्या वाटणीचा केक देऊ केला. अण्णांनी तो मागे हात करून घेतला, पण डोळा काही हलवला नाही. आजवरच्या सगळ्या फॅमिली डेंचं जे झालं तेच आजही होणार असं सावित्रीबाईंना वाटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते तानुबाईंनी पाहिलं.  त्यांनी नवऱ्याच्या टोपीचं रबर हनुवटीखाली बोटाने ताणलं आणि सोडून दिलं. अण्णा एकदम बाजूला झाले.

त्याच वेळी स्वरूपाचा फोन वाजला. हिंदुरावांचा होता. स्वरूपाने तो सासूबाईंच्या कानाला लावला.

"पोचलीस का वर?"

"पोचले. तुम्ही कुठं आहात?"

"शेडच्या बाहेर. हिरव्या पाटीखाली. बघ हां आता, फडकवतो."

सावित्रीबाईंनी डोळा लावला. आधी एक ट्रक दिसला. मग एक कुत्रं, मग कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे. मग पुन्हा पत्रे. आणि मग, अचानक, पिवळी टाकी! टाकीच्या खाली शेड, शेडच्या पुढे अंगण, अंगणात हिरवी पाटी, आणि पाटीखाली एक लाल ठिपका. तो इकडून तिकडे, तिकडून इकडे जोरजोरात हलत होता.

"दिसले! स्वरूपा, दिसले गं! माझी साडी दिसली!"

फोनमधून आता निराळाच आवाज यायला लागला होता. भोंग्यासारखा, लांबलचक. "अगं, थांब," हिंदुराव ओरडले, "फोन ठेवतो!" आणि फोन बंद झाला.

दुर्बिणीत मात्र नवल चाललं होतं. शेडच्या एका दारातून ठिपके बाहेर येऊ लागले. दुसऱ्या दारातूनही येऊ लागले. आधी दहा-वीस, मग शंभर, मग मोजता येईनात इतके. सगळे पळत हिरव्या पाटीकडे आले आणि लाल ठिपक्यासमोर शिस्तीत रांगा करून उभे राहिले. तेवढ्यात शेजारच्या शेडमधूनही माणसं बाहेर पडायला लागली.

"अगं, अख्खी कंपनी बाहेर आली!" सावित्रीबाई ओरडल्या. "यांनी सगळ्यांना सांगितलं वाटतं. शेजारच्या कंपनीलासुद्धा सांगितलं!"

स्वरूपाने दुर्बिणीला डोळा लावला. दर वर्षी बँकेत आगीची रंगीत तालीम व्हायची, त्यामुळे ते काय चाललंय हे तिला पहिल्या नजरेतच कळलं. "आई, हे म्हणजे..." असं म्हणून तिने मागे वळून पाहिलं. सासूबाई निमुळती टोपी घालून, पदर डोळ्यांना लावून रडत होत्या आणि हसत होत्या. स्वरूपाने तोंडातलं वाक्य गिळलं.

"हो, आई," ती म्हणाली. "सगळे आलेत."

अण्णांनीही बघून घेतलं. "आयला, माझ्या मटकीत केवढी मान्सं!"

मग चौघांनी काचेला चिकटून, टोप्या हातात घेऊन, उत्तरेला हात केले. सावित्रीबाईंच्या आग्रहाखातर वाढदिवसाचं गाणं पुन्हा एकदा म्हटलं गेलं. पॅकेजमध्ये गाणं एकदाच होतं, पण हॉलवरच्या माणसाने ते सोडून दिलं.

संध्याकाळी हिंदुराव घरी आले ते मान खाली घालूनच. त्यांनी पिशवीतून लाल इरकल काढली. घडी सकाळी होती तशीच.

"साडी गेटवरच अडकली," ते म्हणाले. "वॉचमन म्हणाला, साडीचा गेटपास दाखवा. आत गेलेला माल बाहेर काढताना नोंद लागते, मी साडी कशात दाखवू, असं त्याचं म्हणणं. तिथंच ठेवून घेतली. चारला बाहेर आलो तर हातात लाल काही नाही. आग लागली की सगळ्यांनी जमायचं त्या हिरव्या पाटीखाली एक पेटी असते, तिच्यात लाल झेंडा असतो. म्हटलं, मिनिटभर काढावा."

"मग?"

"तो झेंडा आग लागली तरच काढायचा असतो. एवढी वर्षं तिथं काढली, आणि हे मला झेंडा फडकवून झाल्यावर आठवलं! वॉचमनने लांबून पाहिला आणि भोंगा दाबला. सगळे बाहेर. शेजारच्यांनी आमचा भोंगा ऐकला, तेही बाहेर. सेफ्टीचे साहेब धावत आले. म्हणाले, हिंदुराव, ड्रिल कुणी सांगितलं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"वरून ऑर्डर आली, म्हणालो. वर तूच होतीस ना? साहेबांना वाटलं मुंबईच्या ऑफिसातून.  या महिन्याचं ड्रिल राहिलंच होतं, ते त्यांनी लिहून टाकलं. म्हणाले, एवढ्या पटकन कंपनी आजवर रिकामी झाली नव्हती."

आतल्या खोलीत स्वरूपा उशीत तोंड खुपसून हसत होती. सुजितच्या कानात हेडफोन होते.

"तर साडी नव्हतीच गं," हिंदुराव अपराधी स्वरात म्हणाले. "तुला दिसला तो झेंडा."

"मला काठ दिसला," सावित्रीबाई म्हणाल्या.

"अगं, झेंड्याला कुठला काठ?"

"मला दिसला. तुमच्या मिशासुद्धा दिसल्या."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. हिंदुरावांनी पाय धुतले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता, बायकोकडे न बघता म्हणाले, "आज हात वर केला तर चारशे माणसं आली. उद्या शेवटचा दिवस. परवापासून हात वर केला तर कोण येतंय?"

  सावित्रीबाईंना फार वाईट वाटलं. यांनी असं काही बोलून दाखवायची ही पहिलीच वेळ होती. आज काय झालं कंपनीत, हे त्यांनी रोज विचारलं होतं, पण कंपनी सुटल्यावर तुमचं काय होणार, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

शनिवारी शाल आणि नारळ मिळाला. रविवार उजाडला, एक जून, दोघांचाही वाढदिवस. हिंदुरावांना पहाटेच्या शिफ्टची जाग आलीच. आंघोळ करून, भांग पाडून ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसले. उन्हं वर आली. त्यांना दुसरा चहा हवा होता, पण नुसता हवा म्हणून या घरात चहा मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी कंपनीत चहा मागवायच्या सवयीने त्यांनी हात थोडासा वर केला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, लांबलचक. पाठोपाठ सावित्रीबाईंचा आवाज घरभर घुमला, "बाहेर! सगळे बाहेर! पळा!"

स्वरूपा तोंडात ब्रश धरून धावत आली. सुजितला आईने दंडाला धरून आणला. हेडफोन त्याच्या गळ्यात लोंबत होते आणि तो "काय झालं? कुठे लागली?" असं विचारत होता. सावित्रीबाईंनी दोघांना खुर्चीपुढे रांगेत उभं केलं, स्वतः लाल इरकलीचा पदर खोचून रांगेच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मोजा."

हिंदुरावांनी मोजलं. एक, दोन, तीन. मग का कोण जाणे, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सगळे आलेत," ते म्हणाले, आणि हात खाली घ्यायचा विसरून गेले.